खड्डा चुकवून घ्या, मॅडम

चिखल असो, वाळू असो, गुडघाभर पाणी असो, बेलाशक घाला म्हणून जिची ख्याती, ती गाडी मी चालवून बघत होते. शोरूमपासून किलोमीटरभर गेल्यावर रस्त्याच्या डाव्या अंगाला पाइपसाठी खणून अर्धवट बुजवलेला एक चर लागला. वीतभरसुद्धा खोल नसेल. शेजारी बसलेला सेल्समन मुलगा इतका वेळ गाडीच्या पराक्रमांवर भरभरून बोलत होता. तो एकदम सावरून बसला, डॅशबोर्डला हात टेकला आणि म्हणाला, "खड्डा चुकवून घ्या, मॅडम. डेमोची गाडी आहे."

आणि मी चुकवला! इतक्या वर्षांची सवय. खड्डा दिसला की डोक्याआधी हात वळतात. मागच्या सीटवरून नवरा म्हणाला, "अगं, त्यासाठीच आलो होतो ना आपण?"

खरं तर मी निघतानाच सावध व्हायला हवं होतं. भिंतीवरच्या पोस्टरमध्ये गाडी खिडकीपर्यंत चिखलाने माखलेली होती आणि त्याच पोस्टरखाली एक माणूस फडकं घेऊन गाडीच्या टपावरची धूळ टिपत होता. आत बसले तर पायाखाली कागद अंथरलेला. मॅटला माती लागू नये म्हणून. मी बूट घालून आले होते, जाड तळव्याचे, मुद्दाम. ते कागदावर कर्र-कर्र वाजत राहिले आणि मला उगाचच कुणाच्या तरी घरी पाय न पुसता शिरल्यासारखं वाटत राहिलं.

टेस्ट ड्राइव्हचा रस्ता ठरलेला असतो. बाहेर पडून डावीकडे, सिग्नल, सरळ, पुलाखालून यू टर्न आणि परत. बारा मिनिटं. एवढ्यात माणसाने काय बघायचं असतं, कोण जाणे. नवऱ्याने यादी केली होती: पिकअप, एसी, बूट स्पेस, मागच्या सीटवर गुडघे कुठे येतात. मुलगा त्याच्याशी इंजिनाबद्दल बोलत होता आणि माझ्याशी रंगांबद्दल, गाडी मी चालवत असताना. नवऱ्याला गाडी येत नाही हे मी त्याला सांगितलं नाही. म्हटलं, बोलू दे.

माझं घोडं मात्र भलतीकडेच अडलं होतं. गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा एक आखूड दांडा असतो, तो मी शोधत होते. तो नव्हता. त्याच्या जागी एक गोल खटका होता, पंख्याच्या रेग्युलेटरएवढा. टू हाय, फोर हाय, फोर लो; म्हणजे इंजिनाचा जोर दोनच चाकांना, चारही चाकांना, किंवा चारही चाकांना पण वेग कमी आणि जोर जास्त. फिरवला की गाडी स्वतःच काय ते आत जोडून घेते आणि पडद्यावर हिरवा दिवा लागतो.

"फोर-लो लावून बघू?" मी विचारलं.

"नको नको, मॅडम. डांबरी रस्त्यावर नाही लावायचं."

मुलगा बरोबर होता, हे मला कबूल करावंच लागलं. वळणावर पुढची चाकं मोठा फेरा घेतात, मागची लहान. एरवी ज्याचं त्याचं निभतं. या जातीच्या गाड्यांत फोर व्हील लावलं की पुढचा आणि मागचा आस एकमेकांना बांधला जातो, दोघांनी सारखंच फिरायचं. चिखलात चाक थोडं घसरतं आणि हिशेब जुळवून घेतं. कोरड्या डांबरावर टायर धरून बसतो, मग तो सगळा ताण आतल्या आत शाफ्टमध्ये आणि दात्यांमध्ये पिळत जातो, स्टिअरिंग जड होतं आणि गाडी वळताना अडखळते. थोडक्यात, जे बघायला आले होते ते चांगल्या रस्त्यावर बघता येत नाही, आणि वाईट रस्त्यावर गाडी नेऊ देत नाहीत.

मामाच्या जीपला असे तीन दांडे होते. एक लांब गिअरचा आणि दोन आखूड. किती हातांतून फिरून मामाकडे आली होती देव जाणे; मूळचा रंग कोणता हे दारे असती तर दाराच्या आतल्या बाजूला कळलं असतं, पण दारेच नव्हती. ताडपत्रीचं टप, मागे समोरासमोर दोन आडवी बाकं, आणि बाकाखाली कायम एक दोरखंड, एक फावडं आणि कुणाची तरी एकटी चप्पल. त्या आखूड दांड्यांना हात लावायची आम्हा मुलांना बंदी. म्हणजे मला बंदी. मामेभावाला सातव्या वर्षीच "लाव रे" म्हणून सांगितलं गेलं होतं. हा सल मी गेली चाळीस वर्षं व्यवस्थित सांभाळून ठेवला आहे.

मामाच्या घरी जायच्या वाटेवर ओढा होता. पूल नव्हता. पावसाळ्यात त्याच्या काठाशी आलं की मामा इंजिन चालू ठेवून खाली उतरायचा. पुढच्या चाकाच्या मधोमध, हबवर, चाक आसाला जोडणारी एक गोल चकती होती. ती हाताने फिरवायची. टक्. मग जीपला वळसा घालून पलीकडचं चाक. टक्. वर येऊन चिखलाचे हात मांडीला पुसायचे आणि आधी पुढच्या चाकांचा दांडा, मग 'लो'चा दांडा. हा क्रम चुकलेला मी कधी पाहिला नाही. आणि त्यानंतर जो आवाज यायचा त्यासाठी मी पुढची सगळी वर्षं आखूड दांडा शोधत आले आहे. गुरगुरही नाही, किंचाळणंही नाही. एखादं अवजड जनावर कण्हत कण्हत उठावं तसा काहीतरी. एवढा थोरला आवाज आणि चाल एवढीशी, की शेजारून गोगलगायही पुढे जावी. पण थांबायची नाही. पाणी फुटबोर्डाला लागायचं, आम्ही पाय वर घ्यायचो, जीप कण्हत राहायची.

मामाला समोरचं फारसं दिसत नसे. काठावरून उतरताना नुसतं बॉनेट आणि त्यापलीकडे गढूळ पाणी. दिसायचं ते आईला. आई जीपमध्ये नसायचीच. तिने आधीच चपला काढून हातात घेतलेल्या, दुसऱ्या हातात काठी. काठीने तळ चाचपत ती पलीकडे जायची, तिथल्या दगडावर उभी राहायची आणि दोन्ही हातांनी बोलवायची. ये, ये, ये. डावीकडे. अजून. हां, आता सरळ. बास म्हटलं ना! मामा घरात कुणाचं ऐकणारा नव्हता; आजोबांचंही नाही. पण ओढ्यात ताईचा पंजा वर झाला की त्याचा पाय ब्रेकवर गेलाच. एकदा ती उजवीकडे म्हणाली आणि याने हट्टाने डावीकडे घातली. त्या दिवशी दोरखंड बाकाखालून बाहेर निघाला, आणि परतीच्या वाटेवर कुणी कुणाशी बोललं नाही.

असो. टेस्ट ड्राइव्हच्या आदल्या रात्री मी अभ्यास केला होता, ही माझी जुनी खोड आहे. डॉक्टरकडे जायच्या आधी आजाराचा करते तसा गाडी बघायच्या आधी गाडीचा. वाचता वाचता कळलं की या सगळ्या गाड्यांची आजी म्हणावी ती पहिली जीप १९४० साली बँटम नावाच्या एका छोट्या अमेरिकन कंपनीने लष्करासाठी करून दिली. मुदत ४९ दिवसांची. शेवटच्या दिवशी, २३ सप्टेंबरला, कार्ल प्रॉब्स्ट नावाचा इंजिनिअर ती स्वतः चालवत मेरीलँडमधल्या कॅम्प होलाबर्डला पोचला, मुदत संपायला अर्धा तास उरला असताना. तिथल्या एका मेजरने ती घेतली, पंधराएक मिनिटं पिटाळली आणि उतरून सांगितलं, ही गाडी इतिहास घडवणार. म्हणजे पंधरा मिनिटांत कळतं, असं मी नवऱ्याला म्हटलं. तो म्हणाला, "पुढचं वाच." पुढे लिहिलं होतं की त्यानंतर लष्कराने तीच गाडी तीनेक आठवडे रस्त्यावर आणि रस्त्याबाहेर पिदडली, काय काय मोडतं ते बघायला. आणि मोडलंही बरंच काही.

मला तो मेजर जवळचा वाटला. आणि १९५१ साली टोयोटाची नवी जीपसारखी गाडी फुजी पर्वतावर सहाव्या टप्प्यापर्यंत घेऊन जाणारा तो चालकही. तिला तेव्हा लँड क्रूझर हे नावसुद्धा मिळालेलं नव्हतं, ते १९५४ मध्ये मिळालं. याला म्हणतात चालवून बघणं. पायाखाली कागद नाही, शेजारी कुणी नाही. आता डोंगर घरोघरी पुरवता येत नाहीत हे मला मान्य आहे, पण म्हणून पुलाखालचा यू टर्न?

बहुधा माझा चेहरा फारच पडला असावा. परत आल्यावर मुलगा स्वतःहून म्हणाला, "मॅडम, हिल डिसेंट दाखवू? बेसमेंटचा उतार आहे आपल्याकडे."

तर तो आमचा डोंगर. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा, पार्किंगचा उतार. बटण दाबलं. "आता ब्रेकवरून पाय काढा." काढला. म्हणजे पूर्ण नाही काढला. ब्रेकच्या दोन बोटं वर अधांतरी धरून ठेवला. गाडी स्वतःच घरघर, घरघर करत, एकेका चाकाला धरत-सोडत, पावलापावलाने उतरू लागली. नवऱ्याने वरचं हँडल पकडलं. मला मात्र मागच्या बाकावरून ऐकलेलं मामाचं वाक्य आठवलं, मामेभावाला उद्देशून असलेलं: "उतारावर ब्रेकला पाय लावलास तर चाकं घसरतील. लोमध्ये टाक आणि इंजिनला धरू दे तिला." त्या जुन्या विलिस जीपची मूळची ताकद ६० अश्वशक्ती. लो लावलं की वेग जवळपास निम्मा आणि चाकाला मिळणारा जोर जवळपास दुप्पट, एवढंच काय ते तिचं भांडवल. बाकी सगळं मामाच्या पायात होतं. इथे पायाला काही कामच नव्हतं. मी तो अधांतरीच ठेवला, अगदी खाली पोचेपर्यंत.

चढताना वेगळीच गंमत. नाक वर झालं आणि समोर नुसतं बॉनेट आणि छताची ट्यूबलाइट. रस्ता गायब. मी थबकले, तर मुलाने पडद्याकडे बोट दाखवलं: पुढचा कॅमेरा. चाकापुढचा प्रत्येक खडा त्यात दिसत होता. चाकं कुठे जाणार त्याच्या पिवळ्या रेघासुद्धा. "समोर काय आहे ते बघायला कुणाला खाली उतरावं लागत नाही, मॅडम," तो म्हणाला. त्याच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट होती. तशी ती आहेच.

घरी येऊन नवऱ्याने यादी पुढ्यात घेतली. सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा. मग चष्मा काढून त्याने दोन प्रश्न विचारले. पहिला, आपण रस्ता सोडून जाणार कुठे? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. दुसरा, आईंना चढता येईल का?

हा प्रश्न माझ्या मनातही आला नव्हता. गाडीचं पोट जमिनीपासून किती वर, नाक किती अंशांनी उचललेलं, शेपूट कुठे टेकेल, पाणी कुठवर चालेल, सगळं मला पाठ होतं. आईचे गुडघे किती वर उचलतात हे मोजायचं राहिलं होतं.

म्हणून परवा तिला घेऊन पुन्हा गेले. मुलाने अदबीने दार उघडलं. आईने एक हात हँडलला, एक हात माझ्या खांद्यावर, डावा पाय पायरीवर. उजवा उचलेना. पुन्हा एकदा. नाही. मुलगा पळत जाऊन प्लास्टिकचं स्टूल घेऊन आला. आईने त्या स्टुलाकडे असं बघितलं की तो ते तसंच परत घेऊन गेला. मग ती पाय खाली घेऊन, दोन पावलं मागे सरकून, गाडी आपादमस्तक न्याहाळत म्हणाली, "मागून चढायची सोय नाही का हिला?"

मुलाने मागचं दार उघडून दाखवलं. आत बाकं नव्हती. सामानाची जागा होती, स्वच्छ, गालिचा घातलेली. "फार छान," आई म्हणाली, जसं परक्याच्या घरातल्या पडद्यांना म्हणतात.

मग मीच म्हटलं, आलेच आहे तर एक चक्कर मारते, तू इथे खुर्चीवर बस. गाडी दोन गाड्यांच्या मध्ये अडकवून लावलेली होती. मी सुरू केली, पडदा उजळला, पिवळ्या रेघा आल्या. आणि बघते तर आई खुर्चीवर नाही. ती गाडीच्या पुढे, चार हातांवर, काठी काखेत धरून उभी. दोन्ही हात वर. ये, ये. डावीकडे. अजून.

सेन्सर टूं-टूं करायला लागला. मी थोडी पुढे घेतली तसा जोरात. पडद्यावर आईच्या पायांभोवती लाल चौकट आली.

"सेन्सर बंद करू का, मॅडम?" मुलाने विचारलं.

मी स्टिअरिंग डावीकडे वळवलं. आईचा पंजा अजून वर झाला नव्हता.