हायलँड्सचा मोकळा माळ आणि तिथली माणसं

स्कॉटलंडच्या उत्तरेचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. मैलोन्मैल माळ, मध्येच एखादं तळं, आणि माणूस औषधालाही नाही. आम्ही मित्रमंडळी जूनमध्ये इन्व्हरनेसहून गाडी घेऊन निघालो ती हेच बघायला. पण मला लिहायचंय ते हा माळ इतका मोकळा कशामुळे झाला त्याबद्दल.

आधी रस्त्यांचं सांगते, कारण गाडी चालवणाऱ्याला ते कळायलाच हवं. लेर्गच्या पुढचा ए-836 नकाशात ठळक दिसतो, प्रत्यक्षात जेमतेम एक गाडी मावते. थोड्या थोड्या अंतरावर रस्ता रुंद केलेला असतो आणि तिथे ‘पासिंग प्लेस’ची पाटी असते. समोरून गाडी आली आणि ती जागा आपल्या डावीकडे असली तर आपण आत शिरायचं. उजवीकडे असली तर तिच्यासमोर रस्त्यावरच थांबायचं, म्हणजे समोरच्याला आत वळता येतं. मागच्याला घाई असेल तर त्यालाही इथेच पुढे सोडायचं. या जागेत गाडी लावून फोटो काढत बसायचं नाही. जाणारा प्रत्येक जण हात वर करून आभार मानतो. सलील गाडी चालवत होता, थोड्याच वेळात त्याचाही हात आपसूक वर जायला लागला. मला हे फार आवडलं.

आर्डगायहून सुमारे 16 किलोमीटर आत, रस्ता संपतो तिथे क्रॉइकचं चर्च आहे. वाट वाकडी करायचा हट्ट प्राचीचा. चर्च अगदी साधं, आजूबाजूला झाडं आणि कबरी. पूर्वेकडच्या खिडकीला शंकरपाळी काचा आहेत. काचेच्या अगदी जवळ जाऊन, उजेड तिरका पडेल असं उभं राहिलं की बारीक अक्षरं दिसायला लागतात. खालीच लिहिलेली तारीख मे 1845. जवळच्या ग्लेनकॅल्वी खोऱ्यातल्या कुळांना जमीनमालकाच्या कारभाऱ्याने हुसकावलं, तेव्हा ती बायकापोरांसह या चर्चच्या आवारात, कबरींमध्ये आडोसे उभारून राहिली. अक्षरं बाहेरच्या बाजूने कोरलेली आहेत ती त्यामुळेच. ‘ग्लेनकॅल्वीची माणसं, पापी पिढी’ असं एका काचेवर आहे. घर दुसऱ्याने हिसकावलं आणि पाप मात्र यांनी स्वतःच्या माथी घेतलं! आमच्यापैकी कोणाला काही बोलावंसं वाटेना. घरात गेलिक बोलणाऱ्या या लोकांनी काचेवर लिहिलंय ते इंग्रजीत.

हे एका खोऱ्यापुरतं नव्हतं. मेंढ्यांमधून जास्त पैसा मिळतो म्हणून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढची शंभरेक वर्षं हायलँड्समधली गावंच्या गावं उठवली गेली. आल्टनाहारापासून नेव्हर तळ्याच्या काठाने गेलं की स्ट्रॅथनेव्हर लागतं. तिथल्या रॉसल गावाचे आता नुसते अवशेष उरलेत. गवतात हातभर उंचीच्या दगडी रेषा, हे घर, हा गोठा, आणि शेतीच्या जुन्या वाफ्यांचे उंचवटे. 1814 मध्ये याच खोऱ्यात घरं पेटवल्याबद्दल पॅट्रिक सेलर या कारभाऱ्यावर खटला झाला. 1816 मध्ये इन्व्हरनेसला तो निर्दोष सुटला.

उठवलेल्यांपैकी कितीतरी जण किनाऱ्यावर आले. पोट भरणार नाही इतके छोटे जमिनीचे तुकडे, आणि मासेमारीचा अनुभव नसलेल्यांना समोर समुद्र. बेटीहिल अशांच्याच वस्तीतून वाढलं, आणि त्याचं नाव म्हणे ज्यांच्या मालकीची ही जमीन होती त्या सदरलंडच्या काउंटेस एलिझाबेथवरून! तिथल्या जुन्या चर्चमध्ये स्ट्रॅथनेव्हरचं संग्रहालय आहे. रॉसल आधी बघा आणि मग इथे या, म्हणजे मघाशी पाहिलेल्या दगडांमधली घरं डोळ्यांसमोर उभी राहतात.

कुळांना जमिनीवरून सहजासहजी हलवता येणार नाही असा कायदा व्हायला 1886 साल उजाडलं. किनाऱ्यालगत आज ज्या विखुरलेल्या वाड्या दिसतात, घरामागे चिंचोळी पट्टी आणि त्यात चार मेंढ्या, त्या या कायद्यामुळे टिकल्या. उत्तरेच्या सहलीला आलात तर किल्ले आणि तळी बघाच, पण अर्धा दिवस क्रॉइकसाठी राखून ठेवा.