लाकडाच्या चकतीवर फोटो उतरवताना

आमच्या वसईच्या वाडीतला रायवळ आंबा 2021च्या मे महिन्यात तौक्ते वादळात आडवा झाला. बुंधा विकला गेला आणि मनगटाहून थोड्या जाड अशा फांद्या मागच्या पडवीत रचून ठेवल्या गेल्या. पुढची दोन वर्षे घरातले सगळे त्यांच्याकडे सरपण म्हणूनच पाहत होते. 2023च्या ऑक्टोबरात नाताळच्या भेटवस्तूंचा विषय निघाला तेव्हा मला त्या आठवल्या, आणि याच झाडाखाली वाढलेल्या आम्हा भावंडांचे, आत्यांचे आणि आजीचे जुने फोटो त्याच्या चकत्यांवर उतरवून नाताळच्या झाडावर टांगायला द्यावेत, असे मी ठरवले. एकूण 14 चकत्या करायच्या होत्या आणि आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार 3 डिसेंबरला होता. त्याच्या आत काम संपेल, अशी माझी समजूत होती.

पहिला धडा लाकडानेच दिला. सुतारकाकांनी मशीनवर 8 मिलिमीटर जाडीच्या 20 चकत्या कापून दिल्या. आठवड्याभरात त्यांतल्या सहा चकत्या गाभ्यापासून सालीपर्यंत तडकल्या. लाकूड वाळताना वर्तुळांच्या दिशेने जेवढे आकसते, त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्याकडून सालीकडे आकसते, आणि या ओढाताणीत गोल चकती कुठेतरी फाटणारच, हे काकांनी मला एका तडकलेल्या चकतीवर बोट ठेवून समजावले. फांदी दोन वर्षे पडून असली तरी सालीमुळे आतली ओल पुरती गेली नव्हती. आणखी पाच चकत्यांतून पिठासारखा भुसा गळत होता, म्हणजे पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी आंब्याचे लाकूड आधीच गाठले होते. त्या मी निमूटपणे चुलीत घातल्या. उरल्या नऊ. बाकीच्या पाच चकत्यांसाठी यंत्राच्या पॅकिंगच्या पेटीतली पाइनची फळी वापरली. ही तडजोड पुढे चांगलीच उपयोगी पडली.

या कामाची रीत समजायला सोपी आहे. लेसर प्रिंटरमध्ये किंवा झेरॉक्सच्या यंत्रात जो टोनर असतो, ती प्लॅस्टिकची बारीक भुकटी असते आणि उष्णतेने ती कागदावर वितळून बसते. असा छापील कागद ॲक्रिलिक जेल (चित्रकलेत वापरतात तो, वाळल्यावर पारदर्शक होणारा घट्ट लेप) लावलेल्या लाकडावर पालथा चिकटवायचा, जेल पूर्ण वाळू द्यायचे आणि मग कागद भिजवून चोळून काढायचा. कागद निघून जातो, भुकटी जेलमध्ये अडकून लाकडावर राहते. मी मात्र सुरुवात घरच्या इंकजेट प्रिंटरने केली. त्याची शाई पाण्यात विरघळणारी असल्यामुळे ओल्या जेलचा स्पर्श होताच भावाचा चेहरा जांभळा होऊन पसरला, आणि त्या चकतीला पुन्हा काचपेपर मारावा लागला. दुसऱ्या प्रयत्नात जेल वाचवण्यासाठी सुतारकामाचा पांढरा गोंद वापरला. चित्र सुरेख चिकटले, पण कागद काढायला पाणी लावले तेव्हा गोंदही मऊ पडला आणि कागदाबरोबर चित्रही बोटाला लागून आले. त्यानंतर मी शहाणपणाने गावातल्या झेरॉक्सवाल्याकडे लेसर प्रिंट काढू लागले आणि जेलची बाटली मुंबईहून, अब्दुल रहमान स्ट्रीटवरून मागवली.

कागद पालथा चिकटतो, त्यामुळे चित्र उलटे उमटते. हे मी ऐकून होते, तरी विसरले. वसई रोड स्थानकाच्या पाटीखाली उभ्या असलेल्या पप्पांच्या फोटोत पाटीवरची अक्षरे आरशात दिसावीत तशी उमटली. तेव्हापासून प्रत्येक फोटो आधी मोबाइलवर आडवा उलटवून मगच छापायला देण्याचा नियम मी स्वतःला घालून घेतला.

फोटो निवडताना मात्र माझ्या सगळ्या आवडीनिवडी मला बाजूला ठेवाव्या लागल्या. टोनरमध्ये पांढरा रंग नसतो. फोटोत जिथे पांढरे आहे तिथे कागद कोरा असतो, म्हणून चकतीवर तिथे लाकूडच दिसते. भाचीच्या पहिल्या कम्युनियनचा (चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेण्याच्या विधीचा) पांढऱ्या झग्यातला फोटो मला फार आवडायचा, पण लाकडावर तो झगा नाहीसा झाला आणि दोन हात व एक चेहरा हवेत तरंगत राहिला. त्यातही पाइनची एक तपकिरी गाठ नेमकी तिच्या गालावर आली. याउलट स्टुडिओत काढलेले जुने कृष्णधवल फोटो लाकडावर अक्षरशः खुलले. आजीच्या लुगड्याच्या चौकड्या गडद असल्यामुळे ठळक उमटल्या आणि चेहऱ्याला आंब्याच्या लाकडाचा मूळचा पिवळसर रंग मिळाला. मी अल्बममधला फोटो न काढता, सावलीच्या उजेडात मोबाइलने त्याचा फोटो घेतला, पार्श्वभूमी पुसली आणि काळे-पांढरे अंतर थोडे वाढवले. फोटो निवडण्याआधी लाकूड हातात घ्यावे, असे आता माझे मत झाले आहे.

चकती आधी 80 नंबरच्या आणि नंतर 120, 220 नंबरच्या काचपेपरने घासून गुळगुळीत करायची, धूळ ओल्या फडक्याने पुसायची, जेलचा पातळ आणि सारखा थर द्यायचा, कागद ठेवून जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेकडे दाबत हवा काढायची. इथे राहिलेला एक बुडबुडा म्हणजे चित्राला पडलेले एक भोक. मग रात्रभर वाळवण. आमच्याकडे नोव्हेंबरच्या अखेरीस पहाटे दव पडते आणि हवा दमट असते, म्हणून मी पूर्ण 24 तास थांबत असे.

खरे काम त्यानंतर सुरू होते. स्पंजने कागद भिजवायचा, दोन-तीन मिनिटे थांबायचे आणि बोटाच्या पेराने गोल गोल चोळायचे. कागदाच्या बारीक शेवया वळत जातात आणि त्यांच्याखालून आधी केसांची रेघ, मग कपाळ, मग डोळे वर येतात. नख लावायचे नाही. ओले असताना चित्र स्वच्छ दिसते आणि आपण थांबतो. अर्ध्या तासाने वाळल्यावर त्यावर पिठासारखी पांढरट झाक येते, कारण कागदाचे तंतू अजून शिल्लक असतात. पुन्हा पाणी, पुन्हा चोळणे. तीन फेऱ्या झाल्यावर थांबावे, उरलेली झाक वॉर्निशच्या पहिल्या हाताखाली पारदर्शक होऊन जाते, हे मला उशिरा कळले. ते कळेपर्यंत थोरल्या आत्याच्या फोटोतील आत्येबहिणीचे नाक मी चौथ्या फेरीत पुसून टाकले होते. ती चकती मी नव्याने केली आणि नाक गेलेली माझ्याजवळच ठेवली.

वॉर्निशचे दोन हात दिले, पुढे, मागे आणि कडेलाही. एकाच बाजूला लावले तर दुसऱ्या बाजूने लाकूड दमट हवा पिते आणि चकती वाकते. मागे नाव आणि वर्ष लिहायचे ते वॉर्निश वाळल्यावरच, कारण कोऱ्या लाकडावर पेनाची शाई रेषांमधून पसरते. वर 3 मिलिमीटरचे भोक पाडून सुतळी ओवली. मेलबर्नला राहणाऱ्या बहिणीसाठी पाइनच्याच चकत्या पाठवल्या. ऑस्ट्रेलियात साल असलेले लाकूड नेता येत नाही, आणि भुंगेऱ्यांची भोके असलेली चकती तर तिथल्या तपासणीत नक्कीच अडकली असती.

24 डिसेंबरच्या संध्याकाळी आम्ही अंगणातल्या सुरूच्या झाडावर चकत्या टांगल्या. एकेक चकती साधारण 25 ग्रॅमची. सुरूच्या फांद्या नाजूक असल्यामुळे टोकाला बांधलेल्या सगळ्या खाली झुकल्या आणि त्या सोडून पुन्हा खोडाजवळ बांधाव्या लागल्या. चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्सेला, म्हणजे नाताळच्या उपासनेला, निघण्यापूर्वी धाकटी आत्या आली. तिने आजीची चकती हातात घेतली, चष्मा वर केला आणि बराच वेळ पाहून म्हणाली, "अगं, आईचा पदर या खांद्यावर कधी होता?"

फोटो मी मोबाइलवर उलटवला होता, आणि मला उलटी प्रतच लागते हे ठाऊक झालेल्या झेरॉक्सवाल्याने मदत म्हणून तो पुन्हा उलटवून छापला होता. पप्पांच्या फोटोत पाटी होती म्हणून चूक दिसली, आजीच्या फोटोत अक्षर नव्हते. मी दुसरी करून देते म्हणाले, पण आत्या तोवर आत गेली होती. ती कपाटाच्या आरशासमोर उभी होती. चकती तिने आरशाकडे धरली होती, आणि आरशात आजीचा पदर जिथे असायचा तिथे होता.