खर्र, खर्र

३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळाचा दिवस. दुपारी वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं आणि बाणकोट खाडीच्या अलीकडे, आमच्या मंडणगड तालुक्यात, वीज आणि मोबाइल दोन्ही गेले. उरली ती पोलिसांची बिनतारी. सेट दुरुस्त करणं माझं काम, म्हणून मी कंट्रोल रूममध्येच होतो.

खाडीकाठच्या एका वाडीत आमचे हवालदार सकाळपासून होते. शाळेत विलगीकरणात ठेवलेले चाकरमानी आणि काठावरची घरं हलवायची होती. कंट्रोल त्यांना सारखी हाक मारत होतं. उत्तर नाही. मात्र प्रत्येक हाकेनंतर स्पीकरमधून क्षणभर खरखर यायची नि तुटायची. ऑपरेटर म्हणाला, वाऱ्याने अँटेना हलतोय. मला पटेना. मग नेमकी हाकेनंतरच कशी येते?

ती वाडी सड्याच्या, म्हणजे कातळाच्या उंच पठाराच्या, पायथ्याशी आहे. वर कातळ, मग उभा उतार, खाली माडापोफळींच्या बागा आणि खाडी. आमचा रिपीटर, म्हणजे सेटचा आवाज पकडून जोरात पुढे पाठवणारं यंत्र, दूरच्या डोंगरावर. आमचे सेट ज्यावर चालतात त्या व्हीएचएफ रेडिओ लहरी जवळजवळ सरळच जातात. जांभ्याचा एवढा सडा आडवा आला की मागे सावली पडते. रिपीटरची ताकद मोठी, त्यामुळे त्याचा आवाज त्या सावलीतही झिरपतो. पण ५ वॅटच्या हँडसेटचं बोलणं परत वर चढत नाही, पोचते ती नुसती खरखर. नकाशावर ही वाडी रेंजमध्ये दाखवलेली होती. चाचणी झाली होती वरच्या डांबरी रस्त्यावरून, जीपमधल्या २५ वॅटच्या सेटवर. वाडीत कुणी उतरलंच नव्हतं. याची चीड मला आजही येते.

मी माईक घेतला. "दादा, माझं ऐकू येत असेल तर बोलू नका. बटण नुसतं दोनदा दाबा."

खर्र. खर्र.

खोलीत सगळे उठून उभे राहिले. मग 'हो'ला दोनदा, 'नाही'ला एकदा. सगळे सुखरूप? एकदा. कुणाला लागलंय? दोनदा. मी सांगितलं, "सेट बंद करून बॅटरी वाचवा. सहा वाजता डायरेक्ट चॅनेलवर या, मी सड्यावर येतो." डायरेक्ट म्हणजे मध्ये रिपीटर नाही, सेटवरून थेट सेटवर.

वारा ओसरल्यावर निघालो. रस्ताभर आंबे, फणस, विजेचे खांब आडवे. शेवटी जीप सोडली आणि गाडीचा सेट, बॅटरी, अँटेना खांद्यावर घेऊन तिघे कातळावरून चालत गेलो. कड्याशी अँटेना बांबूला बांधला. एका हातात खालच्या वाडीसाठी हँडसेट, दुसऱ्यात कंट्रोलसाठी माईक. सहाला पाच मिनिटं असतानाच आवाज आला, अगदी लख्ख: "शाळेचे पत्रे उडाले. माणसं देवळात आहेत. एका आजींच्या पायावर भिंत पडलीय, डोली करून वर आणतो. गाडी ठेवा."

आजी वर पोचल्या तेव्हा रात्र झाली होती. डोलीमागून हवालदार आले, घसा पार बसलेला. म्हणाले, "तुमची प्रत्येक हाक ऐकली हो. उत्तर द्या, उत्तर द्या. मी देतच होतो."

पुढच्या आठवड्यात मी हँडसेट कमरेला लावून पाखाडीने त्या वाडीत उतरलो. प्रत्येक वळणावर थांबून कंट्रोलला हाक मारत गेलो. ज्या पायरीवर माझं बोलणं पोचेनासं झालं, तिथे चुन्याने खूण केली. पहिलं घर अजून बरंच खाली होतं.