फेरफारातला अंगठा

पुण्यात एका बिल्डरकडे लीगल बघते, बारा वर्षं झाली. हवेली तालुक्यातली साडेतीन एकर जमीन घ्यायची होती, सर्च रिपोर्ट क्लिअर, पेपरात जाहीर नोटीस देऊन झालेली, कुणाची हरकत नाही, खरेदीखत शुक्रवारी. बुधवारी मी जुने फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलल्याच्या नोंदी, परत चाळायला बसले. सवयच आहे ती, कारण सर्चमध्ये नोंदवलेलं तेवढंच दिसतं, जे कधी रजिस्टरच झालं नाही ते इंडेक्स टू मध्ये, म्हणजे रजिस्टर दस्तांच्या यादीत, येणार कुठून?

1994 चा हाताने लिहिलेला फेरफार. वडील गेल्यावर दोन भाऊ कब्जेदार आणि बहीण इतर हक्काच्या रकान्यात, आणि वर्षभरातच "बहिणीने स्वखुशीने हक्क सोडला, समक्ष जबाब दिला" म्हणून तिचं नाव कंस करून कमी केलेलं. रजिस्टर हक्कसोडपत्र नाही. नुसत्या जबाबावर जमिनीतला हक्क सुटत नाही आणि फेरफाराने मालकी मिळतही नाही की जातही नाही, हे सगळ्या कोर्टांनी कितीदा सांगितलंय. जबाबाखाली निळा अंगठा.

सरांना सांगितलं तर ते भडकलेच, "मॅडम, तीस वर्षांत कोणी बोललं नाही, आता तुम्ही कशाला उकरताय?" मी म्हटलं सर, रेरा कायद्यात कलम 18 आहे, जमिनीच्या मालकीतल्या दोषामुळे फ्लॅटवाल्याचं नुकसान झालं तर भरपाई आपण द्यायची आणि त्या दाव्याला मुदतीचं बंधनही नाही, शंभर कुटुंबं लोन काढून राहायला येणार आहेत तिथं. बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले जाऊन या.

गुरुवारी त्या बहिणीच्या गावी गेले. सत्तरीच्या पुढच्या, ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या. झेरॉक्स दाखवली. चष्मा लावून त्यांनी स्वतःच ती सगळी वाचून काढली, एकेका शब्दाखाली बोट फिरवत, आणि म्हणाल्या, "हा माझा न्हाय. मी चौथी पास हाय बाई, अंगठा कशाला लावीन?" मला पुढे काही बोलताच येईना.

शुक्रवार गेला. भावांकडच्यांनी आरडाओरडा केला, दोन मिटिंगा तर नुसत्या भांडणातच गेल्या, पण शेवटी त्यांच्या वकिलानेच त्यांना समजावलं. दीड महिन्याने खरेदीखत झालं, त्यात मावशी लिहून देणार, म्हणजे विकणाऱ्यांपैकी एक, म्हणून आणि तिसरा हिस्सा थेट त्यांच्या खात्यावर.

सब रजिस्ट्रार ऑफिसात त्यांनी प्रत्येक पानावर पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, रांग खोळंबली तरी मी कुणाला घाई करू दिली नाही. मग ऑपरेटर म्हणाला, आजी, मशीनवर अंगठा ठेवा. त्यांनी हात मागे घेतला आणि माझ्याकडे बघितलं. म्हटलं मावशी, हा सगळ्यांचाच घेतात, साहेबांचाही घेतला आत्ता. तरी त्यांनी आधी विचारलं, "सही ऱ्हाईल ना पन कागदावर?"

राहील म्हटलं. मग ठेवला.