आठ ओळींसाठी तीन रविवार

नोव्हेंबर २०२४ मध्ये आयकर खात्याचा एसएमएस आला: परदेशातल्या मालमत्तेबाबत विवरणपत्र तपासून घ्या. मी तो फसवाफसवीचा समजून पुसून टाकला. नोकरी हिंजवडीत, फ्लॅट वाकडमध्ये आणि तोही कर्जावर. माझी कसली परदेशात मालमत्ता? दोन दिवसांनी तसाच मजकूर ईमेलवर आला आणि पोटात गोळा आला. कंपनीचे शेअर!

आमची मूळ कंपनी अमेरिकेतली. दर तीन महिन्यांनी थोडे आरएसयू, म्हणजे पगाराचाच भाग म्हणून मिळणारे कंपनीचे शेअर, हाती येतात. त्यातले काही करापोटी तिथंच विकले जातात, उरलेले तिथल्या ब्रोकरकडच्या खात्यात पडून असतात. फॉर्म १६ मध्ये, म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या पगार-कराच्या दाखल्यात, त्यांची किंमत पगारात धरलेली असते, म्हणून जुलैत मी २०२३-२४ साठी आयटीआर-१ हा विवरणपत्राचा साधा फॉर्म भरून मोकळी झाले होते.

"कर भरलास गं, पण शेअर आहेत हे सांगितलंस कुठं?" आमचे सीएकाका म्हणाले. आयटीआर-१ मध्ये परदेशी मालमत्तेचा तक्ताच नसतो. असा एक शेअर असला तरी तो फॉर्म चालत नाही. आता आयटीआर-२, सुधारित, ३१ डिसेंबरच्या आत. लपवलं तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड. स्थावर सोडून २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला १ ऑक्टोबर २०२४ पासून त्यातून सूट आहे आणि माझे शेअर त्यात आरामात बसत होते. "सूट दंडाला आहे, सांगायला नाही," काकांनी लगेच बजावलं.

मग आयटीआर-२ मधल्या 'शेड्यूल एफए' या परदेशी मालमत्तेच्या भागातला ए-३ तक्ता. प्रत्येक वेळी मिळालेल्या शेअरांची वेगळी ओळ, अशा माझ्या आठ. कंपनीचा पत्ता, झिप कोड, मिळाल्याची तारीख, तेव्हाची किंमत, वर्षातली सर्वोच्च किंमत, वर्षअखेरची किंमत. सगळं रुपयांत, स्टेट बँकेच्या त्या-त्या दिवशीच्या टीटी बायिंग रेटने, म्हणजे बँक ज्या दराने डॉलर विकत घेते त्या दराने. जुने दर शोधण्यातच पहिला रविवार गेला. त्यात ३१ डिसेंबर २०२३ हाही रविवारच! आधीच्या कामकाजाच्या दिवसाचा दर धरला.

खरा घोळ वर्षाचा. हा तक्ता जानेवारी ते डिसेंबर चालतो, बाकीचं विवरणपत्र एप्रिल ते मार्च. फेब्रुवारी २०२४ मध्ये मिळालेले शेअर फॉर्म १६ मध्ये होते, पण तक्त्यात यायला नको होते. ते पुढच्या वर्षीचे. मी ते घालून बसले होते. काकांनी लाल पेनने काट मारली तेव्हा दुसरा रविवार वाया गेल्याचं कळलं.

लाभांशाचंही तेच त्रांगडं. रक्कम किरकोळ, एका बऱ्या हॉटेलातल्या जेवणाएवढी. त्यातले २५ टक्के अमेरिकेनं आधीच कापलेले. उत्पन्नात मात्र कापण्याआधीची पूर्ण रक्कम दाखवायची आणि तिकडे कापलेल्या कराची वजावट हवी तर फॉर्म ६७ वेगळा भरायचा. तेवढ्या पैशांसाठी? नवरा म्हणाला, सोडून दे. मी हट्टाने भरला.

तिसऱ्या रविवारी रात्री आधारच्या ओटीपीने विवरणपत्र पक्कं झालं. फेब्रुवारीचे शेअर एक्सेलमध्ये पिवळ्या रंगाने रंगवून ठेवलेत, पुढच्या जुलैसाठी.