एकाचा स्पॅम आणि ३७ दिवस बंद राहिलेला आमचा माटोळीचा ग्रुप

गेल्या वर्षी चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, २७ ऑगस्टला होती आणि आमचा ग्रुप बंद झाला १५ जुलैला. म्हणजे काय झालं, हे गोव्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. गणपतीच्या डोक्यावर माटोळी, म्हणजे रानफळांची टांगती आरास, बांधायची तर कांगलां, कवंडळं, आंबाडे कुठल्या रानात तयार झालेत, बाजारात कधी येतील, हे विचारायची आमची जागा म्हणजे हा मेसेजिंग ॲपवरचा ग्रुप. सहाशेच्या वर माणसं. सत्तरीतले एक काका गेली चार वर्षं दर आठवड्याला बोलून पाठवायचे: हे फळ कुठल्या वेलीचं, देठासकट कसं काढायचं, दोरीला कसं बांधलं की पाच दिवस टिकतं. ते सगळं तिथेच होतं. आमच्यापैकी कोणीही ते दुसरीकडे उतरवून ठेवलं नव्हतं. तुमचा असा ग्रुप असेल तर आजच चॅट एक्स्पोर्ट करा, आवाजाच्या फायलींसकट. बाकीचं नंतर वाचा.

झालं असं की आमच्यातल्या एकाने जमिनीची दलाली सुरू केली होती. आमच्या ग्रुपात त्याने त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. बाहेर मात्र झाडं ओळखणाऱ्यांचे ग्रुप, ट्रेकवाल्यांचे ग्रुप, मुंबई-पुण्यातल्या गोंयकारांचे ग्रुप अशा ४३ ठिकाणी एकच जाहिरात टाकत सुटला: ‘माटोळी परिवारातर्फे खास दरात प्लॉट.’ खाली आमच्या ग्रुपची लिंक. फोटोत डिचोलीकडची डोंगरउतरण, झाडं साफ केलेली, लाल माती उघडी पडलेली, कडेला एक वेल अर्धी उपटलेली. ज्या रानातल्या फळांची नावं आम्ही जपतो, तेच रान आमच्या नावावर विकायला काढलं होतं. तो फोटो पाहिला त्या रात्री मला झोप लागली नाही.

लोकांनी आमची लिंक स्पॅम म्हणून रिपोर्ट केली. त्यांचं काहीच चुकलं नाही.

ॲपवाल्यांनी मात्र त्या माणसाला सोडून ग्रुपच बंद केला, आणि इथून माझी खरी फरफट सुरू झाली. ‘फेरविचाराची विनंती’ असं बटण होतं, ते दाबलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: ग्रुपने स्पॅमचे नियम मोडले आहेत. कोणता मेसेज, कोणी टाकला, कुठे टाकला, काही नाही. सपोर्टला मेल केला, तर उत्तर आलं की ॲपमधून विनंती करा. ॲपमध्ये गेलो, तर ‘या विनंतीवर निर्णय झालेला आहे’. पुन्हा मेल केला, पुन्हा तेच उत्तर, स्वल्पविरामसुद्धा तोच. २२ जुलैपर्यंत मी नऊ मेल पाठवले. पलीकडे माणूस आहे की नाही, हेच कळत नव्हतं. इकडे रोज फोन: ‘भाई, ग्रुप कधी चालू होतलो?’ काकांना तर ग्रुप ‘बंद करतात’ म्हणजे काय, हेच समजेना. ‘माझं काही चुकलं काय रे?’ असं त्यांनी विचारलं, तेव्हा घशाशी आलं. हे लिहितानाही राग येतो. एकाने केलं, तो कोण हे पुराव्यासकट दाखवलं, तरी सहाशे माणसांच्या तोंडावर दार बंद!

पर्वरीला वकिली करणाऱ्या मित्राला गाठलं. त्याने पहिल्यांदा धीर दिला. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलंय की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी ग्रुपच्या ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही, दोघांचा इरादा एक होता असं दिसलं तरच गोष्ट वेगळी. ॲडमिन माणसाला आत घेऊ शकतो, बाहेर काढू शकतो, पण कोण काय लिहिणार हे आधी अडवू शकत नाही. केरळ उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये असाच निकाल दिला. ही प्रकरणं ग्रुपच्या आत टाकलेल्या मजकुराची. आमच्या माणसाने तर सगळं बाहेर केलं होतं. मी मोकळा श्वास घेतला.

पण मित्राने खरी कामाची गोष्ट सांगितली ती पुढे. सपोर्ट आणि तक्रार निवारण अधिकारी हे दोन वेगळे. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो. त्याने २४ तासांत पोच द्यायची आणि तेव्हाच्या, म्हणजे २०२५ मधल्या, मुदतीप्रमाणे साधारणपणे १५ दिवसांत तक्रार निकाली काढायची होती. माझा आठवडा सपोर्टशी डोकं फोडण्यात गेला. तुम्ही पहिल्याच दिवशी अधिकाऱ्याला लिहा, नियम ३(२) चा उल्लेख करा, आणि पोचेचा क्रमांक जपून ठेवा. रात्री दोन वाजता चिडून लिहू नका. माझा नववा मेल तसा होता.

२३ जुलैला लिहिलं, दुसऱ्या दिवशी पोच आली. मग १५ दिवस वाट बघणं.

त्याच दिवसांत मी झाडं ओळखणाऱ्या एका ग्रुपच्या ताईंना फोन केला. त्यांनी आमच्या सगळ्याच लोकांना बाहेर काढलं होतं. मी निकाल सांगितला, आमची जबाबदारी नाही म्हटलं. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘कोर्टाचं राहू दे. माणूस तुमचा, नाव तुमचं. माझ्याकडे कचरा पडला तेव्हा तुम्ही विचारायला तरी आलात का?’ मला उत्तर सुचलं नाही. नव्हतोच गेलो. आठ दिवस मी फक्त माझा ग्रुप परत मागत होतो.

शिक्षा सगळ्यांना नको, हे माझं मत आजही ठाम आहे. पण जाब विचारला तर तो आम्हीच द्यायला हवा. आम्ही त्याला जोडलं, आमच्या नावाचा विश्वास त्याने वापरला. त्या रात्रीपासून आम्ही तिघे ॲडमिन ४३ ठिकाणी एकेक करून लिहीत गेलो: हा आमचा सदस्य होता, त्याला काढलंय, माफ करा, जाहिरात काढून टाका. ३१ ठिकाणांहून उत्तरं आली. त्यांचे स्क्रीनशॉट मी पुढे अपिलाला जोडले.

कारण ७ ऑगस्टला अधिकाऱ्याचं उत्तर आलं: निर्णय कायम. तेव्हा हात टेकू नका. त्यावर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं, जीएसी म्हणतात तिला. २०२३ पासून अशा समित्या चालू आहेत, सगळं काम ऑनलाइन. उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करायचं, समितीनेही ३० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करायचा. मी ९ तारखेला अपील केलं. हिशेब केला तर मुदत ८ सप्टेंबर, चवथ होऊन गेलेली. पण २१ ऑगस्टला सकाळी ग्रुप आपोआप उघडला. ॲपवाल्यांकडून कारणाची एक ओळ नाही. मला वाटतं, अपिलानेच काम केलं.

आता आमच्याकडे ग्रुपची लिंक फक्त ॲडमिन देतात, आणि ती दर महिन्याला बदलतो. ताईंनी आमच्या लोकांना परत घेतलं.

त्या माणसाने मला दोनदा फोन केला, परत घ्या म्हणून. मी सांगितलं, त्या ४३ ठिकाणी आधी स्वतःच्या नावाने माफी लिही, मग बोलू. आजपर्यंत त्याने ११ ठिकाणी लिहिलंय.