पाण्याच्या कुठल्या बाजूला घर घेताय?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या व्हर्जिनिया बीच शहरात घर भाड्याने घेताना करारासोबत एक जादा कागद पुढे येतो. घर लढाऊ विमानांच्या आवाजाच्या पट्ट्यात किंवा अपघाताच्या संभाव्य क्षेत्रात येत असेल, तर घरमालकाला तसं लेखी सांगावं लागतं. हो, अपघाताच्या. इथे विमान पडू शकतं, हे राज्याच्या कायद्यानेच आधी कळवायचं असतं. हा कागद मिळाला नाही, तर भाडेकरूला पहिल्या ३० दिवसांत करार मोडता येतो. आपल्याकडे नाल्याला ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणून विकणारे बिल्डर बघितलेल्या माणसाला हे वाचून गहिवरूनच येतं.

गहिवर ओसरल्यावर मात्र कागद नीट वाचावा. त्यावर ६५, ७०, ७५ डेसिबलचे पट्टे असतात, पण ती दिवसरात्रीची सरासरी असते. रात्री १० ते सकाळी ७ मधल्या उड्डाणांना १० डेसिबल जास्त धरून काढलेली. डोक्यावरून सरासरी जात नाही, नौदलाचं ‘सुपर हॉर्नेट’ लढाऊ विमान जातं, आणि तेवढा वेळ फोनवरचं बोलणं थांबवावं लागतं. विमानवाहू जहाजावर उतरताना चाकं डेकला टेकली की पायलट इंजिन पूर्ण ताकदीवर नेतो, कारण शेपटीचा हूक तारेत अडकला नाही तर त्याच क्षणी परत उडता आलं पाहिजे. हाच सराव शेजारच्या चेसापीक शहरातल्या फेंट्रेस धावपट्टीवर चालतो. म्हणजे दर फेरीला एकदा टेकणं आणि एकदा पूर्ण गडगडाट. अंधारातलं उतरणं शिकवायचं असतं, म्हणून बराच सराव रात्री होतो, आणि उन्हाळ्यात अंधारच उशिरा पडत असल्याने तो मध्यरात्रीपर्यंत लांबतो. जहाज मोहिमेवर जाण्याआधीचे काही आठवडे सगळ्यात वाईट. स्क्वाड्रन जहाजावर गेलं की तेवढा आवाज कमी होतो.

म्हणून इथे रविवारी घर बघू नये. मंगळवार-बुधवारी, संध्याकाळी जावं. ७५च्या वरचा पट्टा सोडून द्यावा. ७० ते ७५ मध्ये दुहेरी काचांच्या खिडक्या आणि माळ्यावरचं इन्सुलेशन तपासावं, कारण बराचसा आवाज छपरातून आत येतो.

अपघाताचं म्हणाल, तर एप्रिल २०१२ मध्ये शहरातल्याच ओशियाना या नौदलाच्या विमानतळावरून उडालेलं एक हॉर्नेट खरोखरच इथल्या अपार्टमेंटवर कोसळलं. कुणी दगावलं नाही. त्याआधी २००५ मध्ये तळांची फेररचना ठरवणाऱ्या आयोगाने शहराला बजावलं होतं की धावपट्टीभोवतीची बांधकामं आवरा, नाहीतर विमानं दुसरीकडे जातील. शहराने बांधकामं आवरली, जागा विकत घेतल्या, विमानं ठेवली. तक्रार करणाऱ्याला शेजारी काय उत्तर देत असतील, याची कल्पना यावरून यावी. आपल्याकडे गोव्यात दाभोळीला आठवड्याच्या दिवशी सकाळी नौदलाचा सराव चालतो म्हणून प्रवासी विमानं खोळंबतात, कारवारला तळासाठी गावंच्या गावं उठली, आणि यातलं काहीच कुणाला सहीसाठी कागद देऊन विचारलं नव्हतं. इथे निदान विचारतात. उत्तर ठरलेलंच असतं, ही गोष्ट वेगळी.

हे झालं आवाजाचं. खरा जाच आहे तो बोगद्यांचा.

नॉरफोकचा तळ हा जगातला सगळ्यात मोठा नौदल तळ. पाण्याच्या दक्षिणेला नॉरफोक, व्हर्जिनिया बीच, चेसापीक, पोर्ट्समथ, तर उत्तरेला हॅम्प्टन आणि न्यूपोर्ट न्यूज. मधली खाडी साधा पूल टाकून ओलांडता आली असती. पण युद्धात पूल पाडला गेला तर त्याचे तुकडे जहाजांच्या वाटेत पडतील आणि सगळा ताफा आत कोंडला जाईल, ही नौदलाची भीती. म्हणून दोन्ही काठांकडून पूल, मध्ये माती टाकून केलेली बेटं, आणि जहाजांच्या वाटेखालून बोगदा, असा प्रकार १९५७ मध्ये झाला. दुसरा बोगदा १९७६ चा. (आपल्या अटल सेतूला ही अडचण नव्हती, नौदलाची गोदी त्याच्या दक्षिणेला, समुद्राच्या तोंडाशी आहे.)

एका बाजूला दोनच लेन. उतारावर लोक ब्रेक दाबतात, चढावर वेग पडतो, भिंती अंगावर आल्यासारख्या वाटतात म्हणून आणखी सावकाश जातात. अपघात नसतानाही रांग लागते ती यामुळे. बोगद्यात कडेला थांबायला जागा नाही. एक गाडी बंद पडली की ती ओढून नेईपर्यंत लेन गेली. सगळ्यात राग येतो तो उंच ट्रकचा. पश्चिमेकडे, म्हणजे हॅम्प्टनकडे, जाणारा बोगदा जुना, त्यात १३ फूट ६ इंचांपेक्षा उंच वाहन जात नाही. पाट्या आहेत, सेन्सर आहेत, तरी ट्रक येतातच. मग त्याला बाजूला घेऊन परत वळवायचं, आणि त्यासाठी मागची सगळी वाहतूक अडवायची. एका ट्रकवाल्याने वर बघितलं नाही म्हणून हजारो माणसं खाडीवर उभी.

आता दोन नवे बोगदे होताहेत. त्यांच्या खोदाई यंत्राचं नाव मेरी, हॅम्प्टनच्या ‘नासा’मधल्या इंजिनिअर मेरी जॅक्सन यांच्यावरून. पहिला बोगदा एप्रिल २०२४ मध्ये आरपार झाला. काम २०२० पासून चालू आहे. आपला अटल सेतू २०१८ ला सुरू होऊन जानेवारी २०२४ मध्ये उघडला, २१.८ किलोमीटरचा, आणि कोस्टल रोडच्या ‘मावळा’ यंत्राने मलबार हिलखालून वाट काढली, हे इथल्या मित्रांना जरूर ऐकवावं. त्यांनी आपल्याकडच्या खड्ड्यांबद्दल विचारलं तर विषय बदलावा.

पोर्ट्समथ आणि नॉरफोकमधले मिडटाउन, डाउनटाउन बोगदे वेगळे. तिथे २०१४ पासून टोल आहे आणि कंपनीशी केलेला करार २०७० पर्यंतचा. ई-झेड पास (त्यांचा फास्टॅग) लावला नाही तर बिल घरी येतं आणि ते महाग पडतं. गर्दीच्या वेळी दर आणखी वर. मुंबईच्या वेशीवरचा टोल हलक्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाला, तेव्हा इथल्या मराठी मंडळींना जरा जळजळ झाली असेल तर नवल नाही.

त्यामुळे नियम एकच: नोकरी ज्या बाजूला, घर त्याच बाजूला. भाडं दोनशे डॉलर कमी आहे म्हणून पलीकडे जाऊ नये. निघण्याआधी वाहतुकीची खबर देणारं ‘५११’ ॲप बघावं. जुन्या दोन बोगद्यांतून जाणारा आय-६४ महामार्ग तुंबला असेल तर आय-६६४ वरचा मॉनिटर-मेरिमॅक बोगदा लांबचा पण बहुधा लवकर पोचवतो. टाकीत पाव टाकी तरी पेट्रोल असावं. गाडी आतच बंद पडली तर ब्लिंकर लावून आत बसून राहावं, ओढणारे येतात. आणि इथली गर्दी पाचला सुरू होत नाही. तळ आणि गोदी पहाटे सुरू होतात, म्हणून दुपारी तीन-साडेतीनलाच रस्ते भरतात. हिंदू मंदिर चेसापीकमध्ये आहे, तेव्हा उत्तरेकडच्यांनी गणपतीच्या आरतीची वेळ बोगद्याला विचारूनच ठरवावी.

पाण्याविषयी मुंबईकरांना काय सांगायचं, असं वाटेल. पण इथली भरती-ओहोटी जेमतेम पाऊण मीटरची. मुंबईत मोठी भरती पाच मीटरला टेकते. तरीही इथे स्वच्छ उन्हात रस्त्यावर पाणी असतं, कारण जमीन ताटासारखी सपाट आहे, खचते आहे, आणि समुद्र वर येतो आहे. नॉरफोकच्या तळावरच्या सिवेल्स पॉइंटला १९२७ पासून पाण्याची नोंद आहे, आणि वाढ वर्षाला साडेचार मिलिमीटरहून जास्त. नॉरफोकमध्ये गटारांची तोंडं नदीत उघडतात. ईशान्येचा वारा दोन-तीन दिवस टिकला आणि अमावस्या-पौर्णिमा जवळ असली की नदीचं पाणी गटारातून उलटं चढून रस्त्यावर येतं. हेग भाग आणि हॅम्प्टन बुलवार्डचे सखल तुकडे पहिले बुडतात. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्हला आपण पाणी समुद्रात फेकणारे पंप बसवले, हे इथे बसून जास्त कळतं.

ते पाणी खारं असतं. त्यातून गाडी घालू नये. घातलीच तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवावी, नाहीतर ब्रेकची चकती आणि वायरिंग आतून सडतं. घराच्या साध्या विम्यात पूर येत नाही. सरकारी पूरविमा वेगळा, घराला जास्तीत जास्त २,५०,००० डॉलर आणि सामानाला १,००,०००. भाडेकरूला फक्त सामानाचा घेता येतो. विकत घेतल्यावर तो सहसा ३० दिवसांनी लागू होतो, म्हणजे चक्रीवादळाची बातमी ऐकून धावण्यात अर्थ नाही. वादळाचा अंदाज टीव्हीपेक्षा ताफ्यावरून बांधावा: नौदल जहाजं बंदरातून बाहेर काढू लागलं की पाणी आणि बॅटऱ्या आणून ठेवाव्यात. सप्टेंबर २०१८ मध्ये फ्लोरेन्स वादळाआधी जवळजवळ तीस जहाजं अशी बाहेर गेली होती. बांधलेलं जहाज धक्क्यावर आपटतं, खोल समुद्रात ते वादळाला वळसा घालू शकतं, हा त्यामागचा हिशेब.

फायदेही सांगायला हवेत, नाहीतर मग राहता कशाला, असं विचाराल. मे ते ऑगस्ट सैनिकांच्या बदल्या होतात. तेव्हा चांगली घरं सुटतात, सोफे-पलंग कवडीमोलाने मिळतात, आणि वर्षाच्या मध्येच आलेल्या मुलाकडे शाळेत कुणी वळून बघत नाही. अर्धा वर्ग तसाच आलेला असतो. भाडी मात्र सैनिकांच्या घरभत्त्याच्या मागोमाग चालतात, आणि भत्ता १ जानेवारीला बदलतो. शक्य असेल तर करार डिसेंबरातच उरकावा.

नोकरीबद्दल जपून. जाहिराती खोऱ्याने दिसतात, पण ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’ हे शब्द असतील तर नागरिकत्व हवं, ग्रीन कार्डही पुरत नाही. एच-१बी व्हिसावाल्याला उरतात ती इस्पितळं, विद्यापीठं, बंदरातला मालवाहतुकीचा धंदा आणि बँका. न्यूपोर्ट न्यूजची गोदी, जिथे अमेरिकेच्या अणुशक्तीवर चालणाऱ्या विमानवाहू नौका बांधल्या जातात, ती आपल्या इंजिनिअरांना बहुधा कुंपणाबाहेरूनच दिसते. आईबाबा आले की त्यांना मात्र जहाजं जवळून दाखवता येतात: तळाच्या फाटकाशी जाऊ नये, तिथे परदेशी पासपोर्टवर सहज प्रवेश नाही आणि कुंपणाचे फोटो काढणं अंगाशी येऊ शकतं, त्याऐवजी नॉरफोकमधल्या नॉटिकस संग्रहालयाजवळून सुटणाऱ्या बोटीत बसावं, ती धक्क्यांसमोरून नेते. संग्रहालयालाच लागून विस्कॉन्सिन ही जुनी युद्धनौका उभी आहे, तीही त्याच दिवशी होते. वडिलांना अर्धा दिवस जास्तच द्यावा.